जळगाव जामोदहून ओंकारेश्वर एका दिवसात होतं का? (आणि आईच्या दगडी हत्तींचा प्रश्न)

पऱ्हाटी | ९ जानेवारी, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. सोयाबीन कधीच निघालं, तूर सोंगून झाली, कपाशीची शेवटची वेचणी मजुरांवाचून रेंगाळली आहे. अशात आईनं हट्ट धरलाय. "मले एकडाव ओंकारेश्वर दाखव. माह्या बापानं दाखवलं होतं, मंग कोनी नेलंच न्हाई."

वय ६६. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, ओटा चढायचा तरी भिंत धरावी लागते. त्यात मुक्काम नको म्हणते, कारण म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हवत नाही. म्हणजे पहाटे निघायचं आणि रात्री घरी यायचं. गाव जळगाव जामोदजवळ, शेजाऱ्याची इको मिळते आहे, चालवणार मीच.

तर एका दिवसात जमेल का? आणि बेटावर आईला किती चालावं लागेल?

तिसरा प्रश्न जरा वेगळा आहे. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आजोबांबरोबर अकोटहून लहान गाडीनं गेली होती. तिला तीनच गोष्टी आठवतात. गाडी डोंगरात गोल फिरली. नदीत पाय घातला तर एका पायातली तोरडी निसटून गेली. आणि दगडाचे हत्ती, रांगेनं, "अंगावर आल्यासारखे". मी कॉलेजात असताना ओंकारेश्वरला जाऊन आलोय. मला एकही हत्ती दिसला नव्हता. बायको म्हणते आईंची वेरूळशी गल्लत होत असेल, तिथे कैलासाला हत्ती आहेत. पण आई वेरूळला कधी गेलेलीच नाही.

मीटरगेज | ९ जानेवारी, रात्री १०.४०

भाऊ, हत्तींचं मला माहीत नाही, पण गाडी गोल फिरली ते शंभर टक्के खरं. ते धूळघाट. चढ काढण्यासाठी रूळ डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जात. खिडकीतून खाली पाहिलं की आपण मघाशी आलो तो रस्ता दिसायचा. आमच्या लहानपणी आम्ही डब्यात ओरडायचो, "तीच गाडी, तीच गाडी!" अकोटहून मेळघाटातून तुकईथड, मग खंडवा, सनावद आणि ओंकारेश्वर रोड, म्हणजेच मोरटक्का. तिथून पुढे बारा किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर उत्तरेचं आणि दक्षिणेचं मीटरगेज जोडायला हा मार्ग बांधला होता. मीनाक्षी एक्स्प्रेस त्याच मार्गावरून थेट राजस्थानात जायची.

२०१७ पासून अकोला-खंडवा मीटरगेज बंद आहे. अकोला ते अकोट ब्रॉडगेज झालं, २०२२ मध्ये गाडीही सुरू झाली. पुढचा मार्ग व्याघ्रप्रकल्पातून नेऊ नये म्हणून बाहेरून वळवला: हिवरखेड, सोनाळा, जामोद. म्हणजे तुमच्याच दारावरून! तो होईल तेव्हा होईल. धूळघाटचा वेढा मात्र गेला. मी अजून त्या जुन्या तिकिटांचे पुठ्ठे जपून ठेवलेत. बायको दर दिवाळीला विचारते की हे टाकू का.

ठसका | ९ जानेवारी, रात्री १०.५५

गाडी जामोदवरून गेली की मी यवतमाळहून फक्त ते पाहायला येईन. तोवर इको झिंदाबाद.

बुऱ्हाणपुरी | १० जानेवारी, सकाळी ७.०५

रस्त्याचं मी सांगतो, इथलाच आहे. जळगाव जामोदहून करोली घाटानं बुऱ्हाणपूर. घाटात पहाटे धुकं असतं, उसाच्या आणि केळीच्या गाड्या येतात, घाई करू नका. बुऱ्हाणपूरहून इंदूरचा हायवे: असीरगड, बोरगाव, छैगाव माखन, देशगाव, सनावद, मोरटक्का. खंडव्यात शिरूच नका, शहर बाजूला राहतं. (दादाजी धुनिवाल्यांच्या दरबारात जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग एका दिवसाचं नाव काढू नका.) एका बाजूनं दोनशेच्या आसपास. हायवेचं काम बऱ्याच ठिकाणी चालू असतं, वळणरस्त्यांवर वेळ जातो. पाच तास धरा. साडेतीनला निघालात तर नऊपर्यंत पोचाल आणि तीनला परत फिरलात तर घाट अंधारात पण फार उशिरा नाही.

सोमवार टाळा. श्रावणी नसला तरी सोमवार तो सोमवार. संक्रांतही टाळा, त्या दिवशी सगळं निमाड नर्मदेवर असतं. नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीला, तिच्याही आधी उरकून घ्या.

येताना मावा जिलेबी घ्यायला थांबा. काळी दिसते म्हणून नाक मुरडू नका.

रेवाकाठी | १० जानेवारी, सकाळी ९.३०

पऱ्हाटी दादा, मी नर्मदा परिक्रमा केली आहे, त्यामुळे या बेटाशी माझं जरा विचित्र नातं आहे. ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडला आणि समोर देऊळ दिसत असून जाता येईना! परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, आणि बेटावर जाणं म्हणजे ओलांडणंच. कितीतरी महिन्यांनी परिक्रमा पूर्ण झाल्यावर बाटलीतलं जल घेऊन त्या पुलावर पाय ठेवला तेव्हा पाय लटपटत होते. तुमच्या आईंना सांगा, त्या पहिल्याच दिवशी पूल ओलांडणार, नशीबवान आहेत.

आता कामाचं. बेटाचं नाव मांधाता. इक्ष्वाकू कुळातल्या राजा मांधात्यानं इथे तप केलं म्हणून. दक्षिण तटावर ब्रह्मपुरी आणि विष्णुपुरी, बेटावर शिवपुरी. ओंकारेश्वर बेटावर आणि ममलेश्वर दक्षिण तटावर, दोन्ही मिळून एक ज्योतिर्लिंग. स्तोत्रात 'ॐकारममलेश्वरम्' असं जोडूनच येतं, म्हणून एकच करून परतू नका.

पुलाचे दोन पर्याय आहेत. जुना पूल आणि धरणाच्या बाजूचा झुलता पूल. नावेनंही जाता येतं, पण नावेतून उतरल्यावर घाटाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, ओल्या आणि उंच. गुडघ्यांसाठी जुना पूलच बरा. पुलाच्या पलीकडे दुकानांची गल्ली, मग देऊळ. देवळात पायऱ्या आहेत पण सोसतील.

एक आधीच सांगून ठेवा. पिंड गाभाऱ्याच्या मधोमध, शिखराखाली नाही. बाजूला आहे, ओबडधोबड नैसर्गिक दगड. गर्दीत पुढे ढकलत नेतात, माणसं समोर बघत राहतात आणि देव बाजूला राहून जातो. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. परत रांगेत उभं राहावं लागलं.

दुपारी नैवेद्याच्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबतं, त्याआधी आत असलेलं बरं. रात्रीची शयन आरती तुम्हाला मिळणार नाही. देवापुढे सारीपाट मांडून ठेवतात, शंकर-पार्वती रात्री खेळायला येतात म्हणून. ती चुकणार याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय.

धानपट्टा | १० जानेवारी, दुपारी १.१५

सगळे मध्य प्रदेशात का पळता, मला समजत नाही. आमच्याकडे या! भंडाऱ्याजवळ अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या एकत्र येतात. चैतन्येश्वराचं देऊळ आहे, हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच लिहिला असं आम्ही मानतो (आंबेजोगाईवाले भांडायला येतील, येऊ द्या). गोसीखुर्द धरणाच्या पाण्यानं सगळा भाग समुद्रासारखा झालाय, आणि नवा केबलचा पूल २०२४ ला सुरू झाला, त्याच्या उंच मनोऱ्यात गॅलरी आहे.

आणि बेटच पाहिजे तर नवेगाव बांध. तलावाच्या मधोमध मालडोंगरी. कोहळी समाजाच्या कोलू पाटलानं बांधलेला तलाव, तीनशे वर्षांच्या घरातला. भोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात, त्यांनी बांध घालायला हातभार लावला अशी समजूत. बांधणारा माणूसच पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं आहे तिथे. इंजिनिअरला देव केलेलं दुसरं गाव दाखवा मला.

पऱ्हाटी | १० जानेवारी, रात्री ८.४०

धानपट्टा भाऊ, नवेगावला नक्की येईन, हिवाळी पक्षी पाहायला. पण जामोदहून नवेगाव म्हणजे आख्खा विदर्भ ओलांडायचा. आणि आईला बेट नकोय, तिला तेच बेट पाहिजे.

रेवाकाठी ताई, तुमचा पिंडीचा मुद्दा आईला वाचून दाखवला. तर म्हणे, "हाव, देव कोपऱ्यात होता, माह्या ध्यानात हाय." हे तिला आत्ता आठवलं. हत्तींचं काय मग?

दगडफूल | १० जानेवारी, रात्री ११.२०

हत्ती आहेत. आई बरोबर, तुम्ही सगळे चूक.

ते ओंकारेश्वराच्या देवळात नाहीत. बेटाच्या वर, डोंगरमाथ्यावर सिद्धनाथाचं देऊळ आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. उंच जोतं, चारही दिशांना खांबांचे मंडप, वरचा भाग ढासळलेला. त्या जोत्याच्या सगळ्या बाजूंनी हत्तींची पट्टी आहे. एकेका शिळेवर उठावात कोरलेले, चार-पाच फूट उंच, प्रत्येकाची ढब वेगळी. बहुतेकांची तोडफोड झालीय, तरी अंगावर आल्यासारखे हे वर्णन अगदी चपखल आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या तर ते डोक्याच्या वर गेले असणार.

याचा अर्थ आजोबांनी तिला पूर्ण परिक्रमा घडवली होती. बेटाची प्रदक्षिणा, सातेक किलोमीटर. देवळापासून पश्चिमेला संगम, मग चढ, गौरी सोमनाथ, सिद्धनाथ आणि परत खाली. वाटेवर गीतेचे श्लोक शिळांवर कोरून लावलेत. गौरी सोमनाथाची पिंड प्रचंड आहे, मामा-भाच्यांनी दोन बाजूंनी कवेत घ्यायची पद्धत आहे.

आणि कृपया ममलेश्वर घाईत उरकू नका. तिथे भिंतीवर कोरलेलं शिवमहिम्न स्तोत्र आहे, इसवी सन १०६३ चं. आपण पोथीत वाचतो ते स्तोत्र साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं भिंतीत उतरवलं. लोक त्या भिंतीला पाठ टेकून चपला शोधत असतात.

ठसका | ११ जानेवारी, सकाळी ८.०२

संगमावर ऋणमुक्तेश्वर आहे, ते कुणी सांगितलं नाही. तिथे चण्याची डाळ वाहिली की कर्जातून सुटका होते. आमचा काका वाहून आला. पीककर्जाला लागू आहे का विचारलं तर पुजारी हसला नुसता. डाळ मात्र ठेवून घेतली.

पऱ्हाटी | ११ जानेवारी, सकाळी ८.३०

@ठसका, आमच्या सोसायटीचं थकलेलं पाहता पोतंच न्यावं लागेल.

@दगडफूल, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलली नाही. नुसती बायकोकडे पाहून हसली. वेरूळचा विषय आता घरात कायमचा बंद.

पण सिद्धनाथाला गुडघ्यांचं कसं करायचं?

रेवाकाठी | ११ जानेवारी, सकाळी १०.१०

खरं सांगू? नका नेऊ. पायऱ्या खूप आहेत आणि उतरताना गुडघ्यांचे जास्त हाल होतात. खाली घाटावर निवांत बसू दे त्यांना. मैया बघायला मिळाली की पुष्कळ.

दगडफूल | ११ जानेवारी, सकाळी १०.४५

पुन्हा कधी जाणार त्या? अर्ध्यापर्यंत जाऊन बघा, थांबत थांबत. तोरडी आणि हत्ती हेच तर आठवतंय त्यांना.

रेवाकाठी | ११ जानेवारी, सकाळी ११.००

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ठरवू द्या, दगडफूलजी.

बुऱ्हाणपुरी | ११ जानेवारी, दुपारी १२.२०

भांडू नका. पाण्याबद्दल बोलतो, ते जास्त महत्त्वाचं. बेटाच्या थोडं वर, पूर्वेला ओंकारेश्वर धरण आहे, ५२० मेगावॅटचं. वीज तयार करायला पाणी सोडलं की घाटावरची पातळी बघता बघता चढते. सकाळी ज्या पायरीवर बसलात ती दुपारी पाण्याखाली. भोंगा वाजला की वर यायचं, कपडे-बिपडे गोळा करत बसायचं नाही. २००५ साली फाल्गुन अमावास्येला (आमच्याकडे तिला चैत्र अमावास्या म्हणतात) नर्मदाकाठच्या धाराजीला वरच्या धरणाचं पाणी आलं आणि यात्रेकरू झोपेत वाहून गेले. तेव्हापासून आमच्या घरात नर्मदेवर जाणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. साखळी धरूनच पाय घाला.

आणि वाहनतळावर पोरं येतील, 'पाच मिनिटांत दर्शन' म्हणत. पैसे देऊन लवकर दर्शनाची देवस्थानाची अधिकृत सोय आहे, ती खिडकीवर. रस्त्यावर कुणाला एक रुपया देऊ नका.

मीटरगेज | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.३३

कावेरीचं कुणी सांगितलंच नाही अजून. बेटाच्या दक्षिणेला नर्मदा आणि उत्तरेला जो फाटा आहे त्याला कावेरी म्हणतात. खरी कावेरी दक्षिणेकडून येऊन बेटाच्या वरच्या अंगाला नर्मदेला मिळते. पण स्थानिक लोक म्हणतात ती मिसळतच नाही. नर्मदेतून तशीच आरपार जाते, पलीकडून बेटाला वळसा घालते आणि पश्चिम टोकाला पुन्हा भेटते. त्यामुळे संगम दोन. आमच्या धूळघाटच्या गाडीसारखंच झालं, स्वतःलाच ओलांडून पुढे.

पऱ्हाटी | २३ जानेवारी, रात्री ९.१५

जाऊन आलो मंगळवारी. लिहायला दोन दिवस लागले कारण कापूस.

साडेतीनला निघालो. मागे आई आणि बायको, पायाशी गोधडी, मांडीवर शिदोरी: ज्वारीची भाकर, पातोडी, ठेचा, संक्रांतीचा उरलेला तीळगूळ. करोली घाटात एवढं धुकं की मी काच खाली करून पांढरी रेघ बघत चालवली. असीरगडाखाली चहा प्यायलो तेव्हा किल्ल्याच्या कडेवर नुकता उजेड येत होता. अकबरानं हा किल्ला १६०१ ला घेतला, दख्खनचं दार म्हणतात, एवढं मी सांगितलं. आई म्हणाली, "दार एवढं उंच कायले?" सनावदला पोहे. सव्वानऊला ओंकारेश्वर.

डोंगरावर तो १०८ फुटांचा शंकराचार्यांचा पुतळा लांबूनच दिसतो, २०२३ ला उभा केलेला. आईनं विचारलं हा कोण. म्हटलं, शंकराचार्य, आठ वर्षांचे असताना गुरूच्या शोधात इथे आले होते, पुतळा बारा वर्षांच्या वयातला आहे. "बारा वर्साचं पोरगं अन् एवढं!" म्हणाली, आणि हात जोडले.

वाहनतळावर पोरगं आलंच. मी बुऱ्हाणपुरी भाऊंचं ऐकलेलं, तरी फसलो. माझ्याकडून नाही, बायकोकडून. मी गाडी लावेपर्यंत तिनं आईंना उभं राहावं लागू नये म्हणून पाचशे देऊन टाकले. पोरगं आम्हाला पुलापर्यंत घेऊन गेलं आणि पुलावरच्या गर्दीत विरघळलं. बायको अजून गप्प आहे या विषयावर, मीही.

जुना पूल. आई पाच वेळा थांबली, गुडघ्यांमुळे तीनदा आणि पाणी बघायला दोनदा. खाली हिरवंगार पाणी, लोक पिठाच्या गोळ्या टाकत होते, मासे उसळत होते. रांगेत सव्वा तास गेला. एका दुकानदार बाईनं आईला आपल्या स्टुलावर बसवून घेतलं, मी रांगेत तिची जागा धरली. आत गेल्यावर सगळे समोर पाहत होते. आईनं दारातच मान डावीकडे-उजवीकडे केली, पिंड शोधली आणि मलाच कोपरानं ढोसलं, "तिकडं कुठी पाहतं?" रेवाकाठी ताई, हे तुमच्यामुळे.

मग घाट. साखळी धरून दोन पायऱ्या खाली, बायको एका बाजूला, मी एका बाजूला. पाणी थंड एवढं की घोट्याला चावत होतं. आईनं कंबरेचा बटवा सोडला. मला वाटलं सुपारी. तिनं तोरडी काढली! दुसऱ्या पायातली. एवढीशी, मुलीच्या पायाची, काळी पडलेली. सत्तावन्न वर्षं कुठल्या उतरंडीत होती कोण जाणे, आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती. म्हणाली, जोडी इथंच पुरी होईल म्हणून आणली. मी काय बोलणार? बायकोच्या डोळ्यांत पाणी. आईनं तोरडी पाण्यापर्यंत नेली, थांबली, आणि मला विचारलं, "चांदीचा काय भाव चालू हाय रे?"

मी सांगितला.

तोरडी परत बटव्यात गेली. "नर्मदामायले एक देल्ली होती, पुरे," म्हणाली.

हत्ती. आई पहिल्या चढापर्यंत आली, वर पाहिलं आणि खाली बसली. "तू जाय. पाहून ये हाय का." मी एकटा गेलो. पायऱ्या मोजायला लागलो होतो, दीडशेनंतर सोडून दिलं. वाटेत माकडानं तीळगुळाची पिशवी हिसकावली, व्यवस्थित गाठ सोडून खाल्ला. वर माथ्यावर वारा होता आणि माणूस एकही नाही. खाली एवढी चेंगराचेंगरी आणि वर हे.

दगडफूल साहेब, तुम्ही कमी सांगितलं होतं. एका हत्तीची सोंड तुटलीय पण पुढचा पाय असा उचललाय की पुढच्या क्षणी टेकेल. दुसऱ्याच्या पोटाखालचा दोर, घंटेची कडी, सगळं दिसतं. कानामागची वळी सुद्धा कोरलीय. एका कोपऱ्यात जोत्याला टेकून शेळी रवंथ करत बसली होती, ती माझ्याकडे पाहून उठलीही नाही. अकरा फोटो काढले, शेळीसकट.

धावत खाली आलो. आईनं पदरानं मोबाईल पुसला, जवळ धरला, लांब धरला. सगळे अकरा पाहिले.

"हे न्हाई," म्हणाली. "ते हत्ती मोठे होते."

ममलेश्वर परतीच्या वाटेवर केलं, तिथे मोजक्या पायऱ्या, आईला सोपं गेलं. भिंतीवरचं कोरीव अक्षर दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण हात फिरवू का विचारलं. मी रखवालदाराकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, नाही. मग तिनं लांबूनच नमस्कार केला.

साडेतीनला निघालो, मावा जिलेबीला थांबलो (काळीच असते, पण अप्रतिम), पावणेदहाला घरी. म्हशीनं शेजारणीला लाथ मारली होती, दूध नाही.

दगडफूल | २३ जानेवारी, रात्री ९.५०

"ते हत्ती मोठे होते." आता यावर मी काय बोलू? मूर्तीशास्त्र हरलं.

रेवाकाठी | २३ जानेवारी, रात्री १०.०५

चांदीचा भाव वाचून मी एवढी हसले की घरातले उठून आले. मैयाही हसली असेल. दगडफूलजी, मी माझे शब्द मागे घेत नाही, पण त्या पहिल्या चढापर्यंत गेल्या हे वाचून बरं वाटलं.

बुऱ्हाणपुरी | २४ जानेवारी, सकाळी ७.१०

पाचशे म्हणजे स्वस्तात सुटलात. वहिनींना काही बोलू नका, माझ्या भावानं हजार दिले होते, आणि तो इथलाच.

मीटरगेज | २४ जानेवारी, सकाळी ९.००

येताना मोरटक्क्याच्या स्टेशनापाशी थांबलात का? आईंना ते आठवलं असतं.

पऱ्हाटी | २४ जानेवारी, दुपारी २.३०

थांबलो होतो पाच मिनिटं, लिहायचं राहिलं. आईला काहीच ओळखू आलं नाही. फक्त म्हणाली, इथं बापानं पेरू घेऊन दिला होता.

धानपट्टा | २४ जानेवारी, रात्री ९.२०

नवेगावला कधी येता ते सांगा. बोटीची आणि गुडघ्यांची, दोन्हीची चौकशी करून ठेवतो. हत्ती नाहीत, आधीच सांगतो.

पऱ्हाटी | ३१ जानेवारी, रात्री १०.४५

धागा वर काढतोय, एवढंच सांगायला. आज जेवण झाल्यावर आईनं मोबाईल मागितला. हत्ती दाखव म्हणाली. मी तो पाय उचललेल्याचा फोटो काढून दिला. थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली, "मोठा कर."

दोन बोटांनी ओढून केला. अजून कर म्हणाली. अजून केला. मग पडद्यावर नुसतं गंडस्थळ आणि डोळा, बाकी काही मावेना.

"हाव," म्हणाली, "हाच."

ठसका | ३१ जानेवारी, रात्री १०.५२

शेळीवाला पण मोठा करून पाहा.